१९७८ सालात उठणारा लॅपटॉप

तुमचा लॅपटॉप कितीही नवा असो, बटण दाबल्यावर तो आधी १९७८ सालात जागा होतो. ही अतिशयोक्ती नाही. त्या वर्षी इंटेलने ८०८६ हा प्रोसेसर बाजारात आणला, आणि आज आपल्या घरोघरी असलेले त्याच कुळातले प्रोसेसर सुरू होताना पहिले काही क्षण त्या खापरपणजोबासारखेच वागतात. सोळा बिटांची भाषा, दहा लाख बाइटांच्या आसपासचे अंगण, बस्स. मग कुणीतरी त्यांना हाताला धरून १९८५ त आणते, मग पुढच्या शतकात, आणि शेवटी आपल्याला फुलांचे किंवा डोंगराचे चित्र दिसते. एवढा सगळा प्रवास रोज सकाळी दहा-पंधरा सेकंदांत होतो. आपण तेवढ्यात चहाचा घोट घेतो.

हा प्रवास मध्येच थांबला की मात्र आपल्याला इतिहास वाचावा लागतो. मला तो २०२५ च्या दिवाळीत फलटणला, काकांच्या ओसरीवर बसून वाचावा लागला.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो (नातेवाईक मंडळींनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, तुम्हाला सगळे ठाऊक आहे). थोरले काका शिक्षक म्हणून निवृत्त झाले तेव्हापासून फलटण आणि आसपासच्या गावांतले शेतीचे शब्द गोळा करत आहेत. नीरा उजव्या कालव्याचे पाणी आले, पुढे विहिरींवर इंजिने आणि मोटारी बसल्या, आणि मोट गेली. मोट गेली तशी तिच्याबरोबरची वीस-पंचवीस शब्दांची बिऱ्हाडेही उठली. नाडा म्हणजे मोट ओढणारा जाड दोर, सोंडेला बांधतात तो बारीक सोंदूर, पाणी पडते ते थारोळे, बैल उतरतात ती धाव. हे शब्द ज्यांच्या तोंडी होते त्यांतले बहुतेक जण आता नाहीत. काकांनी ते आधी वहीत आणि मग २००४ पासून संगणकावर उतरवले. शब्द, अर्थ, सांगणाऱ्याचे गाव, वापराचे एखादे वाक्य. वह्या एका पावसाळ्यात माळ्यावर भिजून गेल्या. उरला तो संगणक, आणि त्यावरून चुलतभावाच्या जुन्या लॅपटॉपवर उतरवलेल्या फायली.

फलटणला या कामाची परंपराही आहे बरं का. मॅक्सीन बर्नसन नावाच्या अमेरिकन बाई साठच्या दशकात इथल्या बोलीचा अभ्यास करायला आल्या आणि फलटणच्याच झाल्या. भारतीय नागरिकत्व घेतले, शाळा काढली. जाई निंबकरांबरोबर मराठी शिकणाऱ्या परदेशी लोकांसाठी त्यांनी केलेली पुस्तके अजून नावाजली जातात. एका गावाची बोली हा पीएचडीचा विषय होऊ शकतो, हे आमच्या काकांच्या पिढीला त्यांच्यामुळे कळले. काका स्वतःला संशोधक वगैरे म्हणवत नाहीत. "मी आपला वेचून ठेवतोय," एवढेच म्हणतात.

तर, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा पाठिंबा संपला. काकांचा लॅपटॉप २०१६ चा. विंडोज ११ च्या अटींत त्याचा प्रोसेसर बसत नाही. तेव्हा त्यावर लिनक्स टाकायचे असे फोनवर ठरले होते. मी पोचेपर्यंत आतली जुनी प्रणालीच उठेनाशी झाली. दुरुस्ती चालू आहे असे सांगायची, गोल फिरायची आणि पुन्हा पहिल्यापासून. काकांकडे २०१९ पर्यंतच्या फायलींची एक सीडी होती. त्यानंतरची सहा वर्षे फक्त त्या डब्यात.

पेन ड्राइव्ह लावला. मेनू आला, पहिला पर्याय निवडला, चिन्ह चमकले, आणि काळाकुट्ट पडदा. पाच मिनिटे, दहा मिनिटे. पंखा फिरतोय, बाकी काही नाही.

"मेलं का काय रे ते?" काका.

"चहा घे आधी. ते काय पळून जातंय?" काकू.

आता हा काळा पडदा काय असतो ते सांगतो. जुन्या काळी लिनक्स सुरू होताना पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावायच्या. कोणते यंत्र सापडले, कोणते नाही, सगळे जाहीर. पुढे लोकांना त्या ओळींची भीती वाटते म्हणून त्यांच्यावर सुंदर चित्राचा पडदा टाकला गेला. पडदा टाकल्याने मागची गडबड संपत नाही, आपल्याला दिसत नाही एवढेच. म्हणून अशा वेळी पहिले काम पडदा वर करायचे. मेनूवर 'ई' हे बटण दाबले की सुरू करण्याची आज्ञा समोर येते. तिच्यातले 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे दोन शब्द खोडले, पुन्हा सुरू केले, आणि ओळी धावू लागल्या. धावता धावता एका जागी थबकल्या. ग्राफिक्स कार्डाच्या ओळीवर.

यालाही इतिहास आहे. २००९ पर्यंत लिनक्समध्ये पडद्याची मांडणी करायचे काम कर्नलच्या बाहेरचा एक वेगळा प्रोग्राम करायचा. २००९ च्या मार्चमध्ये आलेल्या कर्नलपासून ते काम हळूहळू कर्नलच्या आत गेले. त्यामुळे चित्र लवकर येऊ लागले, लुकलुक थांबली. पण ज्या कार्डांची माहिती त्यांच्या कंपन्यांनी खुली केली नव्हती, त्यांच्यासाठी लोकांनी बाहेरून निरीक्षण करून, अंदाज बांधत ड्रायव्हर लिहिले. अंदाज चुकला की पडदा काळा. यावर उतारा म्हणून एक शब्द आहे, 'नोमोडसेट'. म्हणजे बाबा रे, पडद्याच्या भानगडीत पडू नकोस, जसा मिळालाय तसाच वापर. त्याच ओळीत हा शब्द घातला आणि यंत्र उठले. अक्षरे जाडीभरडी, चित्र ताणलेले, पण उठले. काकूंनी लगेच चकलीची ताटली पुढे केली, जणू झालेच काम.

कुठे झाले! 'कोणत्या डिस्कवर टाकू' असे विचारणाऱ्या पडद्यावर फक्त माझा पेन ड्राइव्ह. लॅपटॉपच्या डिस्कचा पत्ताच नाही.

इथे माझ्या पोटात गोळा आला. कारण डिस्क न दिसण्याचा सरळ अर्थ डिस्क गेली असा होतो, आणि तिच्यासोबत सहा वर्षांचे शब्दही. जुनी प्रणाली गोल का फिरत होती त्याचाही उलगडा त्यात होत होता. काका काही बोलले नाहीत. उठून तुळशीला पाणी घालून आले.

थोडे विषयांतर करतो, कारण मीही तेव्हा तेच केले. फलटणसारख्या गावात संगणक आला तो विंडोज ९८ च्या काळात. एमकेसीएलचा एमएस-सीआयटी हा कोर्स २००२ साली निघाला आणि तालुक्यांच्या गावी गल्लोगल्ली केंद्रे उघडली. तिथे शिकलेल्या पोरांनी पुढे जोडणीचे संगणक विकले, आणि 'फॉरमॅट मारणे' हा शब्दप्रयोग मराठीत रुजवला. संगणक मंद झाला? फॉरमॅट मार. व्हायरस? फॉरमॅट मार. सी ड्राइव्ह साफ, डी ड्राइव्हवर फोटो. ही पहिली डिस्क सी का, ए किंवा बी का नाही, असे एका चौकस विद्यार्थ्याने विचारल्यावर सर गप्प झाल्याचे मला आठवते. ए आणि बी फ्लॉपीची नावे. फ्लॉपी गेली, तिची जागा मात्र कुणी घेतली नाही. गावच्या पंगतीत वारलेल्या आजोबांचा पाट रिकामा ठेवावा तसे.

त्यात भारनियमन. २००५ च्या आगेमागे दिवसातले कित्येक तास वीज नसायची. इन्स्टॉलेशन निम्म्यावर आले की यूपीएस केकाटू लागायचा. तेव्हा अडकण्याचे कारण शोधायला इतिहास लागत नव्हता, महावितरणचे वेळापत्रक पुरायचे. लिनक्सची सीडी पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर यायची. उबुंटूवाले तर २०११ पर्यंत कुणालाही जगभर फुकट सीडी पाठवायचे. सीडीवरून संगणक सुरू करता येणे हेही तसे उशिराचेच, त्याचा नियम १९९५ सालचा. तो ज्या उपाहारगृहात बसून आखला त्याचेच नाव त्याला मिळाले, 'एल तोरितो'. आपल्याकडे असा नियम कुठल्या हॉटेलात ठरला असता तर त्याचे नाव काय पडले असते, याची कल्पना तुम्हीच करा.

असो. डिस्ककडे येतो.

हार्ड डिस्क पीसीत पहिल्यांदा आली ती १९८३ साली, आयबीएमच्या एक्सटी मॉडेलमध्ये. क्षमता १० एमबी. आज एका फोटोलाही कधी कधी पुरणार नाही एवढी. त्याच वेळी आलेल्या डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीने डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांची वाटणी करून टाकली. ४४६ बाइटांत सुरू करणारा छोटा प्रोग्राम, ६४ बाइटांत चार वाट्यांचा सातबारा आणि शेवटच्या २ बाइटांत शिक्का. चार भावांना पुरेल एवढाच उतारा. पाचवा भाऊ आला की एका वाट्यात पोटवाटे पाडावे लागत. ही व्यवस्था तीस वर्षे टिकली. पण तिच्यातले आकडे दोन टेराबाइटांच्या पुढे मोजू शकत नव्हते. मग नवी व्यवस्था आली. इंटेलने नव्वदीच्या अखेरीस आपल्या इटॅनियम प्रोसेसरसाठी सुरू केलेले काम २००५ साली यूईएफआय फोरमकडे गेले आणि जुन्या बायोसची जागा हळूहळू यूईएफआयने घेतली. गंमत म्हणजे नव्या पद्धतीच्या डिस्कवरही पहिल्या ५१२ बाइटांत जुना सातबारा अजून ठेवतात. त्यात एवढेच लिहिलेले असते की हे रान रिकामे नाही. हेतू असा की एखाद्या जुन्या प्रोग्रामने कोरी डिस्क समजून फॉरमॅट मारू नये!

पण आमची अडचण उताऱ्याची नव्हती, गावाच्या वेशीवरचीच होती. टर्मिनल उघडून कर्नलने काय काय नोंदवले आहे ते वाचत गेलो. शेकडो ओळी. त्यात एक सापडली. तिचा मतलब असा: एक एनव्हीएमई डिस्क दुसऱ्या यंत्राच्या आड लपवलेली दिसते आहे, ती वापरायची तर बायोसमध्ये 'रेड'ऐवजी 'एएचसीआय' निवडा.

म्हणजे डिस्क जिवंत होती!

झाले होते असे. पूर्वीच्या सगळ्या साटा डिस्कशी बोलायची एक सामाईक पद्धत २००४ पासून आहे, ती एएचसीआय. २०११ नंतर वेगवान एनव्हीएमई डिस्क आल्या, त्यांची बोली वेगळी. २०१५-१६ च्या काही लॅपटॉपांत चिपसेटची 'रेड' नावाची व्यवस्था मूळपासून चालू असायची. ती नव्या डिस्कला जुन्या यंत्राच्या पदराआड ठेवायची आणि तिच्यापर्यंत जायची वाट फक्त त्यांच्याच विंडोज ड्रायव्हरला माहीत असायची. लिनक्सला वाट माहीत नव्हती, पण कुणीतरी आड आहे एवढे ओळखता येत होते. ती ओळ कर्नलमध्ये लिहून ठेवणाऱ्या माणसाला मी मनातल्या मनात फराळाचे ताट वाढले. नुसते 'डिस्क नाही' म्हणून तो गप्प बसू शकला असता.

बायोसमध्ये गेलो. बदल करू लागताच इशारा, 'सर्व माहिती नष्ट होऊ शकते'. काकांना वाचून दाखवला. हा इशारा अनेक डिस्क जोडून एक केलेल्यांसाठी असतो. आपली एकच डिस्क, तिच्यावरचे काही हलत नाही, फक्त तिच्याशी बोलायची पद्धत बदलते, हे समजावले. (विंडोज चालू असते तर आधी तिला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगून मग हा बदल करायचा असतो, नाहीतर तिला आपलीच डिस्क ओळखू येत नाही. इथे तो प्रश्न उरलाच नव्हता.)

"तुला खात्री आहे ना?"

"आहे."

"मग दाब."

पुन्हा पेन ड्राइव्ह, पुन्हा नोमोडसेट, आणि या वेळी यादीत डिस्क. तिच्यात काहीही न लिहिता, फक्त वाचण्यापुरती ती उघडली. विंडोज नीट बंद झालेली नसली की तसेच करावे. काकांचे फोल्डर सापडले. सगळे दोन ठिकाणी उतरवून घेतले. मग कुठे मूळ काम, लिनक्स टाकणे, आणि ते चाळीस मिनिटांत झाले. इन्स्टॉलरची भाषा मराठी निवडता आली याचे काकांना मोठे अप्रूप वाटले. त्यांनी प्रत्येक पडदा मोठ्याने वाचला.

यापुढचा भाग मात्र कोणत्याही प्रणालीच्या हातातला नव्हता. फाइल उघडली आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा, कंसांचा आणि डॉलरच्या खुणांचा चुरा.

ज्यांनी २००० च्या दशकात मराठीत टंकन केले आहे त्यांना हे सांगायला नको. पुण्याच्या सी-डॅकमधून भारतीय लिप्यांचे प्रमाण निघाले, १९९१ साली त्यावर सरकारी मोहोर उमटली, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही आली. कागदावर सगळे जागच्या जागी होते. पण साध्या संगणकात युनिकोड मराठी यायला विंडोज २००० उजाडावे लागले. एक्सपीत तर ती सोय मुद्दाम चालू करावी लागायची, आणि त्यासाठी मूळ सीडी, तिच्यातले आय-३८६ नावाचे फोल्डर हवे. जोडणीचा संगणक घेणाऱ्याकडे ती सीडी कुठून असणार? त्यामुळे गावोगावी चालले ते वेगवेगळ्या पॅकेजांचे फॉन्ट. त्यांची युक्ती सोपी. रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचे चित्र बसवायचे. संगणक समजतो इंग्रजी लिहिले, आपण वाचतो मराठी. फॉन्ट आहे तोवर जादू, फॉन्ट गेला की चुरा.

फलटणकरांना ही गोष्ट फार नवी वाटू नये. महानुभाव परंपरेत श्रीचक्रपाणींचे जन्मगाव म्हणून फलटणला मान आहे. त्याच महानुभावांनी आपले ग्रंथ शतकानुशतके सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत ठेवले. एका अक्षराच्या जागी दुसरी खूण. मराठीतले आद्य गद्य पोथ्यांत होते, पण बाहेरच्या कुणाला वाचता येत नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत राजवाडे, भावे यांच्यासारख्यांनी ती किल्ली बाहेर आणली. महानुभावांनी जाणूनबुजून कुलूप घातले होते. आपल्या पिढीने घातले ते फॉन्टच्या पाकिटावर, किल्ली फेकून.

काकांच्या २००७ नंतरच्या फायलींचा फॉन्ट प्रसिद्ध निघाला. त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात. त्यांतून काढल्यावर नव्वद टक्के मजकूर उभा राहिला. उरलेल्यात दोन खोड्या. ऱ्हस्व वेलांटी त्या फॉन्टात अक्षराच्या आधी टंकायची, त्यामुळे जोडाक्षर आले की ती भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. दुसरी खोडी खास मराठी. हिंदीला ऱ्य लागत नाही, म्हणून प्रोग्राम सरसकट र्य करून टाकतो. 'विहिरीच्या पायऱ्या'च्या 'पायर्या' झाल्या हे एक वेळ ठीक. पण दऱ्यांचा दर्या झाला, आणि एका नोंदीत लग्नाच्या आचाऱ्यांना आचार्य करून टाकले. काका खुशीत होते. म्हणाले, त्यांची बढती राहू दे. मी मात्र हाताने दुरुस्त करत बसलो, पाडव्यापर्यंत.

२००४ ते २००६ मधल्या फायली अजून बाकी आहेत. त्या कोणत्या पॅकेजात टंकल्या ते काकांना आठवत नाही, आणि ज्याने ते घालून दिले त्या मुलाचे दुकान कधीच उठले. सीडीवर फायली आहेत, फॉन्ट नाही. म्हणून राजवाड्यांची वाट धरली आहे. सर्वांत जास्त वेळा येणारी खूण काना असणार, असे धरून सुरुवात केली. मग मोटेचे शब्द कामी आले. 'थारो' पुढे एक अनोळखी चिन्ह आणि मात्रा, म्हणजे ते चिन्ह ळ. तेच चिन्ह 'शिव' पुढे आले, काका लगेच म्हणाले, "शिवळ! जूतली." असे करत एकतीस खुणा लागल्या आहेत, सतरा-अठरा बाकी आहेत. तीन नोंदींत शब्दच असा आहे की खुणा लागल्या तरी तो काय असावा ते काकांनाही आता सांगता येत नाही. सांगणारे आजोबा गुणवऱ्याचे होते एवढे वाचता आले.

तेव्हा मंडळी, २००४-०५ साली फलटण, लोणंद, बारामती या भागात मराठी टंकनाचे पॅकेज ज्यांनी घेतले होते त्यांनी जुन्या सीड्यांचा डबा एकदा उघडून पाहावा. सीडीवर ओरखडे असले तरी चालतील, फॉन्टची फाइल लहान असते. आणि गुणवऱ्याकडचे कुणी जुने माणूस मोटेबद्दल बोलायला तयार असेल तर काकांना जरूर फोन करा. दुपारी दोन ते चार सोडून.